मुकं पोतं

बाटलीत मूठभर मका, वर कोरडं मीठ.
हलव, म्हणाला लायफोर्ड, देड्झाहून सायकल मारत आलेला,
आणि थांब. मीठ काचेला चिकटलं तर दाणा अजून ओला.
चिकटलं.
आणखी चार दिवस ताडपत्रीवर मका,
आणखी चार दिवस मी फोक घेऊन कोंबड्यांच्या मागे.
पाचव्या दिवशी मीठ सुटं पडलं, वाळूसारखं.

मग पोतं. पोत्यात पिशवी, पिशवीत आणखी एक पिशवी.
हवा दाबून काढ, पीळ दे, दुमड, बांध.
आणि उघडू नकोस, फालेसी. डोकावायलासुद्धा नाही.
जूनमध्ये हे सोपं वाटलं होतं मला.

अंगणातल्या कणगीत टोके रात्रभर बोलत,
कुणी नखानं भिंत खरवडावी तसे.
आई म्हणायची, ऐक, आपला फेब्रुवारी खातायत.
सकाळी बांबूच्या फटींतून पीठ सांडलेलं,
कुणीही न दळता.

पोत्याला कान लावला. पहिल्या आठवड्यात होते आत, थोडे.
मग विरळ. मग एकच.
मग तोही नाही.
त्या शांततेनं माझी झोप उडाली.
कुणाचा श्वास असा गाठ मारून थांबवायची
सवय नव्हती हाताला.

कणगी रिकामी उभी. कोंबडी तिच्यात अंडी घालू लागली.
जानेवारीत एनेलेस आली, काखेत परात.
कणगीत वाकून पाहिलं तिनं,
पपईच्या झाडाबद्दल काहीतरी बोलली,
आणि गेली.
मी दारात. माझ्या मागे, खाटेखाली, दोन पोती.

कणगी भरलेली असती तर तिला दिसलं असतं,
तिला दिसलंय हे मला दिसलं असतं,
मागणं-देणं डोळ्यांतच उरकलं असतं.
कणगीला खोटं बोलता येत नव्हतं.
पोतं बोलतच नाही.

एकदा सोडलं की हवा शिरते, लायफोर्डनं बजावलं होतं.
शिरू दे.
संध्याकाळी गाठ सोडली. जूनचा वास आला,
उन्हाचा, तापल्या ताडपत्रीचा.
एक दाणा दाताखाली धरला: कट्ट.
जानेवारीत इतका टणक मका
मी जन्मात चावला नव्हता.

नेसूच्या जुन्या कापडात बांधून नेला.
एनेलेसनं विचारलं नाही कुठून, मी सांगितलं नाही.
निघताना मात्र म्हणाली,
ती बाटली देशील पुढच्या खेपेला?
मीठ आहे माझ्याकडे.