सतरा हजार मीटर

मी फक्त एक फॅक्स पाठवला होता.

सुखुमवितच्या गल्लीत एकतिसाव्या मजल्यापर्यंत
आलेली इमारत, तिची मी ऑर्डर-क्लार्क.
जुलैत सरकारनं बाटचा हात सोडला.
म्हणजे नेमकं काय केलं, ते कुणी नीट सांगेना.
साहेब एवढंच म्हणाले, "अम्फाय, कर्ज डॉलरात आहे,"
आणि पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला.

सप्टेंबरात मी टाइप केलं:
तांब्याची तार, सतरा हजार मीटर, रद्द.
कळावे.
यंत्रानं कागद ओढून घेतला, किरकिरलं,
पावती बाहेर टाकली. मी ती फाइलला लावली.
त्या दुपारी काय खाल्लं तेही आठवतं:
खारे शेंगदाणे, पुडीतले.

मग क्रेन थांबली. तिच्या टोकाला साळुंक्यांनी घर केलं.
साहेब एका सोमवारी आले नाहीत,
मग कुठल्याच वारी.
तीन पगारांच्या बदल्यात मला मिळालं
ऑफिसातलं घड्याळ. तेही दहा मिनिटं पुढे.

आता प्रतुनामच्या बाजारात माझा गाळा. टी-शर्ट, डझनावारी.
परवा एक गिऱ्हाईक आलं, झांबियातलं, किट्वेचं.
चिलुफ्या. कापड चिमटीत धरून वीण बघणारी.
भाव अडला की माणसं घरचं बोलतात.
बाप तांब्याच्या खाणीत होता, म्हणाली.
"अठ्ठ्याण्णव साली आशियात कुणी तांबं घेईना म्हणे.
भाव पडला. बाबांचा दिवा जमा करून घेतला,
कपाळावरचा.
आई खाणीच्या फाटकाशी वडे तळायला बसली.
मी चौथीत होते. तिथवरच."

मी कॅल्क्युलेटर धरून उभी.
माझ्या सतरा हजार मीटरची तिथं खिजगणतीही नसेल,
कळतं मला. एका फॅक्सनं भाव पडत नाहीत.
पण तशी किती यंत्रं किरकिरली असतील त्या महिन्यांत
जाकार्तात, सोलमध्ये, आमच्याच रस्त्यावर,
आणि माझ्यासारख्या कुणी कुणी
पावती फाइलला लावली असेल,
नीट, तारखेवार.

"आधी काय करायचात तुम्ही?" तिनं विचारलं.
"ऑफिसात होते. टायपिंग."
डझनामागे वीस बाट उतरवले.
ती हसली. तिला वाटलं, घासाघीस जिंकली.

गठ्ठा मी सुतळीनं दोनदा आवळला.
ती म्हणाली, पावती द्या.
मी लिहिली. तारीख घातली.
हात जरा थांबला,
मग सही केली.