एक जादा

बाहेर उणे एकवीस. रेडिएटर खोकतोय.
चौतीस हिवाळे मी याच खोकल्याशेजारी बसले.
सोमवारी ट्रक येईल, दप्तरं सिनडच्या तळघरात जातील.
त्याआधी बेरीज कळवा, असं पत्र आहे:
स्थापनेपासून कॉलेजच्या पटावर एकूण नावं किती.

पहिली कीर्द काळ्या कातडी पुठ्ठ्याची.
अक्षर पाद्री हाल्वोर शेल्डाल यांचं, नॉर्वेजियन,
उजवीकडे इतकं कललेलं
की शब्दन् शब्द डाकोटाच्या वाऱ्यात मान खाली घालून चालतोय.
जमीन बक्षीस मिळाली होती, चौदा एकर.
देणाऱ्याचं मन मोठं, असं शताब्दीच्या पुस्तिकेत आहे.
कीर्दीत एवढंच: "दगड फार."
त्याच दगडांची मग इमारत झाली,
खाली ग्रीक, वर वसतिगृह, मधे देव.

फीचा रकाना वाचत बसावा असा.
बटाटे, आठ पोती.
खारा हेरिंग, अर्धं पिंप.
व्हायोलिन एक, तारा दोन.
आणि ओले टॉरगेर्सनच्या दोन सत्रांपोटी
एक घोडी, डाव्या डोळ्याने अधू, नाव बोर्का.
बोटं गारठली असतील, किंवा दिवा मंद असेल;
पाद्रीबुवांनी बोर्का लिहिली शेजारच्या रकान्यात.
अनुक्रमांक एकोणीस. विद्यार्थी.

अठरा साली गावात फलक लागले:
देवाशीसुद्धा इंग्रजीतच बोलायचं.
हात तोच, भाषा दुसरी,
उजव्या पायातला बूट डाव्यात घातल्यासारखी.
त्या वर्षी प्रार्थना लवकर संपत,
एका मुलाने घरी लिहिलंय, खुशीत.

मंदीत मिस आल्व्हिल्ड नेस्सेट लॅटिन शिकवायच्या, अंड्यांवर.
पगार: देणे बाकी. पुढील पानावर ओढले.
पुढील पानावर ओढले.
त्या वारल्या एक्कावन्न साली,
बाकी पंचावन्नपर्यंत ओढलेली आहे.
मग कुण्या ऑडिटरने रेघ मारली.

त्रेचाळीस. हारुए इनाडोमे.
पत्त्याच्या रकान्यात गाव नाही,
छावणीतल्या बराकीचा नंबर.
शेरा: ऑर्गन वाजवते.
त्याखाली बारीक: दोन कुटुंबं मागच्या बाकावर सरकली.
पुढच्या पानावर, आणखी बारीक: एक परत आलं.

एकसष्ट: नाचाच्या प्रश्नावर समितीच्या नऊ बैठका.
ठराव: हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावण्यास हरकत नाही.

शेवटची दप्तरं माझ्या हातची. बेरजेला सोपी,
यंदा अडतीसच नावं.
विश्वस्तांनी मत दिलं तेव्हा मिनिटं मीच लिहीत होते.
कॉफी निवली, हे लिहिलं नाही.

घोडीची चूक मला नव्वदच्या सुमाराला सापडली.
खोडरबर उचललं होतं. शाईला रबर काय करणार,
पण हात गेला खरा.
मग शेरे पाहिले.
ओले पहिल्याच वसंतात नांगरणीला घरी गेला, परतला नाही.
बोर्का राहिली. अकरा वर्षं.
दगड ओढले, कोळसा ओढला,
घटसर्पाच्या साथीत रात्री डॉक्टर आणला, बर्फातून,
एका डोळ्याने.
शेवटचा शेरा एका शब्दाचा, नॉर्वेजियनमध्ये,
बंदी असतानाचा: थकली.
इतकी हजेरी आमच्या कुणा पदवीधराची नाही.

सहा हजार चारशे बारा, आणि एक.
फॉर्मवर "आणि"ला जागा नाही.
सहा हजार चारशे तेरा, मी लिहिते. पेनाने.

सिनडमध्ये कोण मोजतंय.
आणि मोजलंच कुणी, अडलंच एका आकड्यावर,
तर निदान
ती काळी कीर्द उघडावी लागेल.