हनुवटी थोडी वर

एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
मी पास विभागात फोटो काढले.
मागे पांढरी चादर, पुढे स्टूल
आणि माझं एकच वाक्य :
हनुवटी थोडी वर.
काढू का, असं कुणाला विचारल्याचं आठवत नाही.
फोटो नाही तर पास नाही, पास नाही तर फाटक नाही,
त्यात विचारायचं काय.

आता पाळकसाहेब म्हणाले, सभासद-सूची छापू या,
मंडळीच्या पंचाहत्तरीला. नाव, पत्ता, रक्तगट, फोटो.
तुमचा हात बसलेला आहे.
हात बसलेला होताच.
जीभ बसलेली नव्हती.

तरुण संघातला अबीशय म्हणाला, काका, कशाला उन्हात फिरता,
नाताळच्या ग्रुपवर सगळे आहेत, कापून घेऊ.
एक कापून दाखवलाही.
चेहरा चांगला आला होता,
फक्त खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात राहिला होता,
मनगटाशी तुटलेला, घड्याळासकट.
म्हटलं, नको. कागद कर.
त्यावर दोन चौकटी : हो. नाही.
आणि 'नाही'पुढे कारण लिहायला ओळ ठेवू नकोस.
त्याने ठेवलीच होती.
मी पट्टी धरून खोडली, एकशे चाळीस कागदांवर.

घोरपडीत एलीशिबाबाई लोंढे.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन दिवाळीनंतर.
नात म्हणाली, आजीला काय कळतंय, मीच टिक करते.
मी वाचून दाखवलं. मोठ्याने. दोनदा,
कारण पहिल्यांदा मधेच कुकरची शिट्टी झाली.
"कोण बघणार?"
मंडळीतले.
"आणि पुस्तक कुणी पीएमटीत विसरलं तर?"
मग ज्याला सापडेल तो.
बाई बराच वेळ गप्प.
"बघू दे मेल्याला," म्हणाल्या,
आणि पदर सारखा करायला लागल्या.
अंगठा नको म्हणाल्या, सही येते मला.
मी फक्त त्यांचं बोट नेऊन ओळीवर टेकवलं.
तिथून पुढे त्यांच्या त्या गेल्या,
लोंढेतला 'ढे' कागदाबाहेर, ओट्यावर.

सुवार्ता रणनवरे उशिरा येते, दुसऱ्या गीताला,
बाजूच्या दाराजवळ बसते, आशीर्वादाआधी उठते.
नगरहून आली, एवढंच ठाऊक.
तिने कागद घडी करून दिला. नाही.
मी खिशात घातला. ती उभीच.
"विचारणार नाही का?"
नाही.
"नाव राहील ना पण?"
राहील.
"पत्ता नको. नंबरपण."
मी घडी उघडून तिच्यासमोर दोन रेघा मारल्या.
सवयीचं वाक्य तोंडाशी आलं होतं, गिळलं.
तिची हनुवटी आधीच वर होती.

नारायण पेठेतला छापखानेवाला म्हणाला,
हा चौकोन बोडका दिसतो. करडी मुंडी टाकू? सगळे टाकतात.
त्याने दाखवली.
केस नाहीत, कान नाहीत,
कारखान्याच्या पासवर खपून गेली असती.
म्हटलं, राहू दे कोरा.
"लोक म्हणतील छपाई चुकली."
म्हणू देत.

प्रूफं आली. र नंतर ल,
म्हणून डावीकडे वरून दुसरी सुवार्ता,
उजवीकडे वरून दुसऱ्या एलीशिबाबाई.
पानं मिटली की बाईंचा गाल
त्या कोऱ्या चौकोनावर टेकतो.
हे मी ठरवलं नव्हतं. अबीशयने दाखवलं.
मग शेवटचा कागद माझ्यापुढे सरकवला, माझाच राहिलेला,
आणि मोबाईल खाली धरूनच म्हणाला,
काका, काढू का?

मी चष्मा काढला.
पुसत बसलो.