छाट

आई, तो परत आलाय,
हे मी तुला तवंदीच्या घाटात सांगणार होते,
मग संकेश्वरला, मग हत्तरगीच्या नाक्यावर.
तू खिडकीशी झोपलेली, तोंडावर पदर.
शेवटी बेळगावात डॉक्टरांनीच सांगितलं,
आधी कन्नडमध्ये, मग इंग्रजीत,
मग नुसतंच माझ्याकडे बघत.

रिपोर्टवर तुझं नाव चुकलंय,
बायाक्काची बायव्वा झालीयेस.
आकडे मात्र बरोबर आहेत म्हणे.

मी एकेक वाक्य मराठीत आणते, जमेल तसं :
हाडाच्या आत रक्ताचा कारखाना असतो,
तिथं पुन्हा कच्च्या पेशी निघायला लागल्यात,
कामाच्या नाहीत, नुसती जागा अडवतात.
तू ऐकतेस. सुपाविना मोकळ्या मांडीवर हात.
"म्हंजे छाट," म्हणतेस,
"छाट माल वाढलाय,
आन् छाट काढणारा झोपलाय."
डॉक्टर विचारतात, काय म्हणाल्या?
मला ते कन्नडमध्ये नेता येत नाही.

चाळीस वर्षं निपाणीत पानं भिजवलीस,
पत्र्याच्या साच्यावर कातरलीस,
पंचवीसचा कट्टा, दिवसाला हजार बिडी,
आणि कारखान्यात मूठभर बाजूला टाकल्या
की घरापर्यंत बोलायची नाहीस.
तुला मोजणी कुणी शिकवावी?
प्लेटलेट अकरा हजार, मी म्हटलं.
"अकरा दिसांचं काम," तू म्हणालीस.

वाटा तीन. पावतीच्या मागे लिहून घेतल्या.

पुन्हा सलाईन, गेल्या वेळेपेक्षा कडक,
महिनाभर काचेआड;
त्यातून उठलीस तर दुसऱ्याच्या हाडातला मगज.
शंभरात किती उठतात, विचारलं,
डॉक्टर पेन बोटांत फिरवत राहिले.
पिराजीमामा जुळेल कदाचित.
त्याच्याशी तू नऊ वर्षं बोललेली नाहीस,
आजीच्या बोरमाळेवरून.
मी अर्धी जुळते.
"अर्धीच?" तू हसलीस. "उरलेली बापावर गेलीयास."

नाहीतर गोळ्या, महिन्यातले काही दिवस इंजेक्शन,
बाकी घरी. आजार जात नाही, थांबतो.
किती थांबतो, ते कुणी लिहून देत नाही.

तिसरी मी लिहिलीच नाही.
नुसतं रक्त चढवायचं, दुखू द्यायचं नाही.

खाली काउंटरवरची पोरगी म्हणते,
कार्ड या राज्याचं, कोल्हापुरात चालणार नाही.
कोल्हापूर आपल्या दारातून जवळ. असो.
महादेवी सिस्टर विचारते, "अम्मा, ऊटा आयता?"
"आयतु," तू सांगतेस.
सकाळपासून पोटात घोटभर चहा.
खोटं तू नेहमी कन्नडमध्येच बोलतेस.

जिन्यात थांबलीस.
"त्यास्नी एक इचार.
ह्यातल्या कशात मला माझ्या हातानं जेवता ईल?"

मी दोन पानं प्रश्न लिहून आणले होते.
हा त्यात नव्हता.
परत वर गेलो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं,
खुर्ची तुझ्याजवळ ओढली.
"दुसरीत," म्हणाले, मोडक्या मराठीत,
"पुष्कळ दिवस. प्रॉमिस नाही."

स्टँडवर निपाणीची गाडी लागायची होती.
तू ती पावती मागून घेतलीस,
वाचता येत नसताना उलटसुलट पाहिलीस,
कोपऱ्यापासून गुंडाळत आणलीस
आणि नखानं तोंड मिटलंस.
"पिराजीला फोन लाव."
मगजासाठी?
"न्हाई गं. त्येला म्हणावं, बोरमाळ ट्रंकंत हाय.
सवड झाली की ये."

लावलाय.
रिंग जातेय.