माफी

नानांनी फॉर्म आधी लाल पेनानं तपासला.
सवय.
वरची ओळ: शिक्षक पाल्य फी माफी.
माफीखाली रेघ ओढून थांबले,
वहीत चूक सापडल्यावर थांबतात तसे,
चूक पोराची की पुस्तकाची, हे ठरेपर्यंत.

आई कळण्याची भाकर थापत होती.
"माफी कसानी? काय गुन्हा कया तुम्हीन?"
"सत्तावीस वरीस शिकाडं," नाना म्हणाले,
आणि माफी खोडून वर लिहिलं: सवलत.
फळ्यावर लिहितात तसं, टपोरं,
शिरोरेघ ओळंब्यात.

शिरपूरच्या पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला.
दुसऱ्या खेपेला सही झाली, शिक्का नाही;
शिक्का ज्याच्या कपाटात, तो रजेवर.
तिसऱ्यांदा शिक्काही मिळाला, पण निम्माच उमटला.
पंचायत समितीतली
पंचायत तेवढी आली.

प्रत्येक वेळी थाळनेरहून पहाटे निघून
बोराडीच्या पलीकडे पाड्यावर शाळा उघडायची,
हजेरी घ्यायची, खिचडीचे तांदूळ मोजून द्यायचे,
मग अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा.
रजेच्या अर्जात कारण: घरगुती.

कॉलेजच्या खिडकीत क्लार्क, चष्मा कपाळावर.
"सुपडू? मास्तरांचं नाव सुपडू?"
आधीची तीन लेकरं वाचली नाहीत,
म्हणून चौथ्याला सुपात घालून आजीनं
उकिरड्यापर्यंत फरफटत नेलं होतं.
हे नानांनी त्याला सांगितलं नाही.
म्हणाले, "हो. डू दीर्घ आहे. तुम्ही ऱ्हस्व काढलाय."

"खाडाखोड चालत नाही. नवीन फॉर्म आणा."

नवीन फॉर्म पाच रुपये.
पुन्हा सही, पुन्हा शिक्का, या वेळी अख्खा.
माफी होती तिथंच राहिली.
नानांनी त्या ओळीकडे पाहिलंसुद्धा नाही,
मीच पाहत राहिले.

पावती आली.
शिक्षण शुल्क: ०.
खाली जिमखाना, ग्रंथालय, प्रयोगशाळा, अनामत, इतर,
आणि आणखी एकदा इतर.
ते सगळं भरावं लागलं.
शून्यासमोर आधी छापलेला आकडा होता आठशे,
त्यावर बारीकशी काट.
खाडाखोड, पण ही चालते.

रांगेत मागे केलसिंग पावरा उभा होता.
पाड्यावरचा. चौथीपर्यंत नानांच्या हाताखाली.
त्याची माफी वेगळ्या खिडकीत, वेगळ्या रंगाची,
आणि ती खिडकी जेवायला गेलेली.
नानांनी त्याचा फॉर्म भिंतीवर टेकवून भरला,
नाव, जन्मतारीख, पालकाचा व्यवसाय.
बाप बारडोलीकडे उसाला.
पालकाची सही: इथं पेन थांबलं.
केलसिंग म्हणाला, "सर, तुम्हीच करा ना, कोण बघतं?"
नाना बराच वेळ त्या रिकाम्या ओळीवर पेन धरून उभे राहिले.
मला वाटलं करतील.
मला वाटलं करू नयेत.
मग टोपण लावलं. खिशातून नोटा काढल्या,
मोजल्या नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.
"बारडोलीला जा. आंगठा घेऊन ये. शुक्रवारपर्यंत.
आणि शाई घेऊन जा सोबत, तिकडे नसेल."

परतीच्या एसटीत पावतीच्या पाठीमागे हिशोब.
खेपा चार. झेरॉक्स. फॉर्म दोन. चहा एक,
तोही साहेबांच्या शिपायाचा.
एकूण सहाशे बारा.
आठशेतून वजा जाता उरले एकशे अठ्ठ्याऐंशी.
दोनदा अधोरेखित.
आईला दाखवायला पुरेसे.

मी म्हणाले, "नाना, हातचा राहिला."

त्यांनी पावतीची घडी केली, खिशात घातली,
खिडकीबाहेर पपईचे वाफे मागे पळत होते.
म्हणाले,
"पोरी, हातचा धरायचा असतो.
लिहायचा नसतो."