हातचे दोन

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, जिथे पूर्वी कॉड खारवायचे,
त्याच वखारीत आमचं दफ्तर.
भिंतींना अजून वास येतो, जानेवारीत जरा जास्तच.
तीन हिवाळ्यांत एकोणीस हजार पानं स्कॅन केली मी:
गलबतांच्या रोजनिश्या, मिठाचे हिशेब,
बुडालेल्यांच्या याद्या.
एकेक चित्र चारशे एमबीचं. मासा नव्हे, देवमासाच.

आणि सर्व्हर?
जिन्याखालचं एक जुनं खोकं.
कुणी नकाशाचा नुसता कोपरा मागितला तरी
ते अख्खा देवमासा ओढत वर आणायचं,
धापा टाकायचं,
मग नखाएवढा तुकडा ठेवायचं हातावर.
दोघांनी एकदम मागितलं की आडवंच.

मग तोर्शाव्नहून बाइनिर आला, समुद्राखालच्या बोगद्यातून,
दोन पायांत दोन वेगळे मोजे.
म्हणाला, "रान्वा, आधी वड्या पाडू."

प्रत्येक पानाच्या चौकोनी वड्या,
दोनशेछप्पन ठिपक्यांच्या बाजूच्या.
त्यावर तेच पान निम्म्या आकाराचं, त्याच्याही वड्या,
त्यावर पाव, त्यावर दोन आणे,
चढत चढत शेवटी
सबंध पान एका वडीत मावतं.
ज्याला जेवढं जवळ जायचंय
त्याच्यापुढे तेवढंच वाढायचं.
"आणि एकदा कापलेलं फेकायचं नाही,
पुढच्या पाहुण्यासाठी झाकून ठेवायचं."

या झाकून ठेवण्याने आठवडाभर छळलं.
फाटकं पान सांधून मी नव्याने स्कॅन केलं,
पडद्यावर मात्र तीच जुनी चीर.
शिळं. सगळं शिळं.
बाइनिर कपाळाला हात लावून बसला,
मग प्रत्येक झाकणावर त्याने तारीख घातली.

त्यानंतर समुद्र हिरवा झाला.
रंगांची ओळख म्हणे वाटेत कुठेतरी गळत होती,
नकाशातली निळी शाई शेवाळासारखी दिसायची.
तेही मार्गी लागलं, पहाटे तीनला,
वाळवलेलं मटण चघळत.
चार सेकंदांचं काम सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात.
बाइनिरने वहीत आकडा लिहिला
आणि दोनदा अधोरेखित केला.

दुसऱ्या दिवशी वागुरच्या वृद्धाश्रमातून फोन.
सुन्निवा, वय ब्याण्णव.
ती रोज 'स्वानुर'ची रोजनिशी उघडते, पान एकशे चौदा,
तिच्या बापाच्या हातचं शेवटचं.
मला वाटलं, आभार मानेल.
"कशाला केलंत इतकं जलद?
आधी तो धुक्यातून यायचा.
डाग, मग ओळी, मग अक्षर.
तेवढ्यात मी चष्मा पुसायचे, केस सारखे करायचे.
आता बोट लावते न लावते तोच समोर उभा!"

मी काय बोलणार.
बाइनिर ऐकत होता, मोज्याच्या भोकात बोट घालून.

"आणि समासात काहीतरी उलटं लिहिलंय.
मी टॅबलेट उलटा धरते,
तर मेलं पान पुन्हा आपलं सुलट."

फिरवायची सोय आम्हीच बंद केली होती,
यंत्रावर भार नको म्हणून.
बाइनिरने एक ओळ बदलली. एकशे ऐंशी अंश.
फोनमध्ये तिचा श्वास, आणि तिकडचा वारा.

"लोकर, सतरा," ती वाचू लागली.
"दोरा, आठ. दिव्याचं तेल, सत्तावीस.
एकूण बत्तीस."
थांबली. पुटपुटत पुन्हा मोजलं.
"बावन्न हवेत! हातचे दोन विसरला.
नेहमीच विसरायचा. आई किती ओरडायची."
आणि हसत सुटली,
इतकी की कुणी नर्स धावत आल्याचा आवाज झाला.

संध्याकाळी बाइनिरने विचारलं,
वर्णनाच्या रकान्यात काय भरू?
मी सांगितलं, लिही:
समासात उलटा हिशेब, पेन्सिलीने.
हातचे दोन घ्यायचे राहिलेत.