तिसऱ्या रांगेत, डावीकडे

बिगुलवाला पोरगा विशीतला होता.
मिनेसोटाच्या वाऱ्यात उभा, कानाच्या पाळ्या लालबुंद.
त्याने बिगुल ओठांना लावला, पण गाल फुगले नाहीत;
सूर आतल्या यंत्रातून येत होता,
हल्ली वाजवणारे पुरत नाहीत म्हणे.
आणि माझ्या मनात काय आलं, तर
आत बॅटरी कुठली असेल?
आपल्याकडचीच. तिसऱ्या रांगेत, डावीकडे.

मर्लिन टॉफ्टे, तूही हेच विचारलं असतंस.

नाताळच्या गर्दीपुरती आले होते मी तुझ्या दुकानात.
एकतीस वर्षं झाली.
पहिल्या दिवशी खिळे तोलायला शिकवलंस:
काट्याकडे बघ, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नको.
मग स्वतःच चार खिळे वर टाकलेस.

चिकट होतासच. खोटं कशाला बोलू?
सुतळीचे तुकडे गाठी मारून गुंडाळायचास,
माझा पगार वाढवताना
दाढ उपटून दिल्यासारखा चेहरा.
गॅरी म्हणाला, बाबा, कॉम्प्युटर घेऊ,
तर सहा महिने पोटच्या पोराशी
फक्त हवामानावर बोललास.
हायवेवर ते अवाढव्य दुकान उघडलं, त्या दिवशी
तू जाऊन एक बिजागरी विकत आणलीस,
काउंटरवर तीनदा उघडमीट केलीस.
"करकरते," म्हणालास,
आणि आठवड्यात पहिल्यांदा शीळ घातलीस.

कोरियाबद्दल अवाक्षर नाही.
डाव्या पायाची तीन बोटं तिकडच्या बर्फात राहिली,
हे कळलं तेही तू शेगडीपाशी बूट वाळवत होतास म्हणून.
मी बघतेय हे बघून म्हणालास,
"डावा मोजा जास्त टिकतो. बचत."

पण तळं गोठलं की दरवर्षी
दाराशी एक खोका यायचा, लोकरी मोज्यांचा.
त्यावर किंमत नसायची.
कोणी पाकीट काढलं तर म्हणायचास, जुना माल आहे, ने.
माल उतरवून घेणारी मी;
तो जुना नसायचा.
एकदाच, दिवे मालवताना, पाठमोरा बोललास:
"हॅरल्डकडे एकच जोडी होती. ओली."
हॅरल्ड कोण, मी विचारलं नाही.
तू किल्ल्या शोधत राहिलास.
त्या तुझ्या हातातच होत्या.

चौऱ्याण्णव वर्षं.
झेंड्याची तिकोनी घडी गॅरीच्या हाती दिली,
त्याला ती कशी धरावी कळेना.
पोटाशी धरली, खिळ्यांची पुडी धरावी तशी,
खालून फाटेल या भीतीने.

आज दुकान बंद ठेवायचं ठरलं होतं.
अकराला बेव्हर्ली क्विस्टने काच ठोठावली:
नळाचा वायसर हवा, रात्रभर ठिबकतंय.
ओशाळली बिचारी. मी न बघता हात घातला,
बरोबर तोच निघाला.

ती गेल्यावर गॅरीला म्हटलं, मोजे मागवायचेत.
त्याने कॉम्प्युटर चाळला.
असा माल आपल्याकडे कधी आलेलाच नाही, म्हणाला.
मी म्हटलं, लिही. चार डझन.
तो लिहीत गेला. मग थांबला,
बोट की-बोर्डवर तसंच:
किमतीच्या रकान्यात काय घालू?